दहा पौंडांच्या भाड्याचं राज्य : मुंबईवर कंपनीचा अंमल कायद्याने कसा बसला

मुंबई शहरात जुन्या इमारतीचा पुनर्विकास निघाला की रहिवाशांच्या हातात मालमत्ता पत्रक येतं आणि एका रकान्यापाशी सगळे अडखळतात. रकाना भोगवट्याचा असतो, म्हणजे ही जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते सांगणारा. तिथे 'फजिंदारी', 'फोरास', 'टोका', 'पेन्शन अँड टॅक्स' असलं काहीतरी लिहिलेलं असतं. सातबारा वाचता येणाऱ्या माणसालाही हे शब्द लागत नाहीत, कारण ते मराठी मुलखाच्या महसुलातले नाहीतच. सोळाव्या-सतराव्या शतकात या बेटावर आधी पोर्तुगीजांनी आणि मग इंग्रजांनी जी कायद्याची घडी बसवली, तिचे ते शिल्लक राहिलेले तुकडे आहेत.

ते समजून घेताना एक मोठी गोष्ट उलगडते. राज्य तलवारीने मिळतं असं आपण शाळेपासून ऐकतो. इंग्रजांनी मुंबईत पाय रोवला तो मात्र कागदांवर. बेट लग्नाच्या तहातून राजाकडे आलं, सनदेने कंपनीकडे गेलं, करारनाम्याने त्यावरच्या जमिनी पक्क्या झाल्या आणि कोर्टाच्या भरवशावर व्यापारी राहायला आले. याच कागदांनी कंपनीच्या अधिकाराची हद्दही आखून दिली होती, आणि पुढची दीडशे वर्षं खरं भांडण त्या हद्दीवरून झालं.

आधी सनद म्हणजे काय

सनद म्हणजे राजाने आपल्या शिक्क्यानिशी दिलेलं अधिकारपत्र. 31 डिसेंबर 1600 रोजी राणी एलिझाबेथने लंडनच्या व्यापाऱ्यांना अशी सनद दिली आणि ईस्ट इंडिया कंपनी जन्माला आली. त्या सनदेत पूर्वेकडच्या व्यापाराचा 15 वर्षांचा मक्ता होता. कंपनीला स्वतःच्या नोकरांसाठी नियम करायची, ते मोडणाऱ्याला दंड करायची किंवा कैदेत टाकायची मुभा होती. परमुलखातल्या लोकांवर राज्य करायचा अधिकार त्यात कुठेच नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. सुरतेला कंपनीची वखार होती, पण सुरत मोगलांची. तिथे इंग्रज फक्त आपल्या माणसांपुरते न्यायाधीश.

1661 साली दुसऱ्या चार्ल्सने नवी सनद दिली. वखारीच्या गव्हर्नर आणि कौन्सिलने आपल्या हाताखाली राहणाऱ्या सगळ्यांचे दिवाणी-फौजदारी खटले इंग्लंडच्या कायद्याने चालवावेत, असं तीत आलं. कारभार करणारा आणि न्याय देणारा एकच, ही मेख तिथेच मारली गेली. तिचे परिणाम पुढे येतीलच.

कागदात एक खोट, आणि शेकडो माणसं बेटावर अडकली

मुंबई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. 1534 च्या वसईच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातली बेटं त्यांना दिली होती. 23 जून 1661 रोजी चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा तह झाला आणि मुंबई बंदर व बेट इंग्लंडच्या राजाला मिळालं.

मग 1662 च्या सप्टेंबरात अब्राहम शिपमन सैन्य घेऊन ताबा घ्यायला आला, तेव्हा गोव्याच्या व्हाइसरॉयने, आंतोनिओ द मेलो इ काश्त्रोने, बेट द्यायला नकार दिला. आणलेली पत्रं रीतसर नाहीत, असं त्याचं म्हणणं. शिवाय तहातल्या 'मुंबई' या शब्दात नेमकं काय येतं? इंग्रजांना साष्टी आणि ठाणेही हवं होतं, पोर्तुगीज एका बेटापलीकडे द्यायला तयार नव्हते.

जुना फ्लॅट घेताना वकील आधीच्या सगळ्या करारांची साखळी मागतो, आणि मधला एक दस्त नसला तर बँक कर्ज थांबवते. व्हाइसरॉयने हेच केलं. नव्या पत्रांची वाट बघत शिपमन आणि त्याचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर राहिले. आजाराने त्यातले बहुतेक मेले, शिपमनही 1664 साली गेला. आता अधिकारपत्र होतं शिपमनच्या नावाचं, आणि शिपमन हयात नाही. त्याने मरण्यापूर्वी आपला सचिव हम्फ्री कुक याला नेमलं होतं, म्हणून पुन्हा खल झाला आणि कुकने पोर्तुगीजांच्या अटी मान्य केल्यावरच गाडी पुढे सरकली.

18 फेब्रुवारी 1665 रोजी ताब्याचा दस्त झाला. कुक बेटावर चालला, त्याने हातात माती आणि दगड घेतले, बुरुजांवर जाऊन भिंतींना हात लावला, आणि हे सगळं त्या दस्तात लिहून घेतलं गेलं. हा नुसता सोपस्कार नव्हता. जमिनीचा ताबा प्रत्यक्ष घेतला हे सिद्ध करायची युरोपातली तीच रीत होती, आणि उद्या दुसऱ्या युरोपीय सत्तेने वाद काढला तर दाखवायला पुरावा हवा होता.

मुंबई बेट इंग्लंडमधल्या जहागिरीत

राजाला हे बेट परवडेना. 27 मार्च 1668 च्या सनदेने त्याने ते कंपनीला दिलं, वर्षाला दहा पौंड सोन्यात, दरवर्षी 30 सप्टेंबरला. त्या सनदेत एक वाक्य असं आहे की कंपनीने मुंबई 'केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिचच्या जहागिरीतली' जमीन म्हणून धारण करावी.

हे विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. इंग्लंडच्या कायद्यात प्रत्येक जमीन शेवटी राजाकडून, त्याच्या कुठल्या ना कुठल्या जहागिरीचा भाग म्हणून धारण करायची. अरबी समुद्रातल्या बेटाला बसेल असा खण त्या कायद्यात नव्हता. मग ईस्ट ग्रीनिचची राजाची जहागीर वापरली, कारण तिथल्या धारणेत लष्करी चाकरीची जबाबदारी नसे, फक्त ठरलेलं भाडं भरायचं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या 1606 च्या सनदेतही हेच शब्द आहेत. त्या काळचे साम्राज्यकर्ते प्रत्येक मुलखासाठी नवा विचार करत बसले नाहीत. घरातला जमिनीचा कायदा त्यांनी समुद्रापार ओढून नेला.

याच सनदेने कंपनीला आणखी तीन गोष्टी मिळाल्या. एक, बेटासाठी कायदे करायचा अधिकार, पण ते विवेकाला धरून असावेत आणि इंग्लंडच्या कायद्याच्या विरोधात जाऊ नयेत. दोन, न्यायालयं काढायचा अधिकार. तीन, बेटावर जन्मलेला माणूस इंग्लंडच्या राजाचा जन्मजात प्रजाजन मानला जाईल. भाडेकरू म्हणून आलेली व्यापारी कंपनी इथे सरकार झाली. 'इंग्लंडच्या कायद्याच्या विरोधात नको' ही अट कागदावर छोटी दिसते, पण पुढे गव्हर्नरच्या हुकुमाला आव्हान देणाऱ्यांना बोट ठेवायला तीच जागा मिळाली.

जमीन कोणाची? 1674 चा करार

राज्य मिळालं तरी जमिनी आधीच कोणाच्या तरी होत्या. पोर्तुगीज राजाने बेटावरची गावं आणि वाड्या ठरावीक पिढ्यांपुरत्या दिल्या होत्या आणि बदल्यात वर्षाचं 'फोरो' नावाचं देणं व लष्करी मदत घ्यायचा. मुख्य जहागीर काही काळ गार्सिया द ओर्ता या नामांकित वैद्याकडे होती. अशा जमीनदाराला 'फाझेंदेरू' म्हणत. आपला फजिंदार तोच.

इंग्रज आल्यावर गोंधळ उडाला. काहींच्या जमिनी जप्त झाल्या, काहींचे कागद अमान्य झाले, आणि आपली वाडी उद्या राहील की नाही याची खात्री कोणालाच उरली नाही. अशा ठिकाणी कोणी माड लावत नाही की बांध घालत नाही. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने जमीनदारांशी वाटाघाटी करून 1674 च्या जुलैत करार पक्का केला. जमीनदारांनी मिळून वर्षाला 20,000 झेराफिन (गोव्याच्या चलनातलं नाणं) भरायचे, जुनं देणंही त्यातच, आणि कंपनीने त्यांचे हक्क कायम करायचे.

मालमत्ता पत्रकावरच्या 'पेन्शन'चं मूळ हे ठरावीक देणं. 'टॅक्स' त्यावर नंतर आला. टोका म्हणजे मुळात पिकातला सरकारी वाटा, जो पुढे रोख रकमेत बदलला. फोरास जमिनी बहुतेक खाजणाच्या, भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या. त्या लागवडीखाली आणणाऱ्याला नाममात्र भाड्याने दिल्या गेल्या, आणि 1851 च्या कायद्याने धारकांचे हक्क कायम झाले. फजिंदारीत आजही नेहमी अडचण येते ती अशी की जमिनीचा मालक एक आणि वरच्या बांधकामाचा मालक दुसरा. त्यामुळे पत्रकावर हा शब्द दिसला तर पुनर्विकासाचा करार करण्याआधी दोन्ही हक्कांचे दस्त वेगवेगळे तपासून घ्यावेत. नुसत्या बांधकामाच्या खरेदीखतावर विसंबलं की विकासक आल्यावर जमिनीचा वारसदार दारात उभा राहतो.

एक गोष्ट मात्र नोंदवायलाच हवी. करार झाला तो जमीनदारांशी. त्या वाड्यांत आणि भातखाचरांत राबणाऱ्या कोळी, कुणबी, भंडाऱ्यांच्या हक्काला त्यात तशी जागा मिळाली नाही.

कोर्ट आलं मिरवणुकीने

ऑन्जियरला बेटावर माणसं हवी होती: सराफ, विणकर, गुजराती व्यापारी. सैन्य थोडं, तट अर्धवट, शेजारी मराठे, मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज. जबरदस्तीने व्यापारी येत नाहीत. उधारी बुडाली तर दाद मिळेल आणि आपला धर्म कोणी मोडणार नाही, एवढी हमी मिळाली तर येतात.

1670 साली त्याने बेटाचे दोन भाग केले. एकात मुंबई, माझगाव, गिरगाव, दुसऱ्यात माहीम, परळ, शीव, वरळी. प्रत्येक भागाला पाच जणांचं न्यायमंडळ, 200 झेराफिनपर्यंतच्या वादांसाठी. 1672 च्या ऑगस्टात पोर्तुगीज कायदा संपल्याचं जाहीर झालं, इंग्रजी कायदा लागू झाला आणि जॉर्ज विलकॉक्स न्यायाधीश झाला. त्या दिवशीच्या मिरवणुकीत हिरव्या पोशाखातले 50 भंडारी दोन-दोनच्या रांगेने चालले, मागोमाग हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती समाजाचे 20-20 प्रतिनिधी. इंग्रज आणि पोर्तुगीज सचिव घोड्यावर बसून राजाची सनद फडक्यात बांधून घेऊन निघाले होते. गव्हर्नर पालखीत. सत्तेचा उगम कुठे आहे हे लोकांना दाखवायचं होतं, म्हणून मिरवला तो कागद.

कोर्टाचं कामही नुसतं देखाव्याचं नव्हतं. खटल्याला 12 जणांची ज्युरी असे, आणि एक पक्ष इंग्रज नसला तर निम्मे सदस्य बिगर-इंग्रज. 20 झेराफिनपर्यंतच्या छोट्या दाव्यांना फी नव्हती. 1677 साली दीवच्या निमा पारेख या वाण्याने मुंबईत यायच्या आधी कंपनीकडून लेखी अटी कबूल करून घेतल्या: आपल्या वाड्यात कोणी प्राणी मारायचा नाही, धर्माच्या आचारात कोणी आडवं यायचं नाही, पहारा किंवा वेठ लादायची नाही. व्यापाऱ्याने सरकारला अटी घातल्या आणि सरकारने मानल्या, कारण गरज सरकारला होती.

'आम्ही राजाचे, कंपनीचे नाही'

कंपनीने काटकसर म्हणून मुंबईच्या सैनिकांचे पगार-भत्ते कापले. 1683 च्या डिसेंबरात कॅप्टन रिचर्ड केग्विनने डेप्युटी गव्हर्नरला अटक केली आणि बेट राजाच्या नावाने ताब्यात घेतलं. त्याचा युक्तिवाद कायद्याचा होता: कंपनी नुसती भाडेकरू, आणि तिने कारभार बिघडवला तर प्रजा थेट मालकाकडे, म्हणजे राजाकडे जाऊ शकते. जवळजवळ वर्षभर त्याने बेट चालवलं, संभाजी महाराजांशी स्वतंत्र बोलणी केली. 1684 च्या नोव्हेंबरात राजाचा माणूस आरमार घेऊन आल्यावर माफीच्या अटीवर त्याने बेट सोडलं. बंड मोडलं, पण त्याच्या युक्तिवादाला पटेल असं उत्तर कंपनीने दिलं नाही.

राज्यकर्ताच न्यायाधीश असला की काय होतं

1689-90 मध्ये सिद्दी याकूत खानाच्या स्वारीने बेट उद्ध्वस्त झालं आणि कोर्टही बंद पडलं. ते पुन्हा उभं राहिलं 1718 साली. नव्या कोर्टात इंग्रजांबरोबर इथल्या समाजांचे प्रतिनिधीही न्यायाधीश होते. व्यवस्था दिसायला चांगली, पण वर बसलेला होता गव्हर्नरच.

रामा कामाती हे तेव्हाच्या मुंबईतले बडे गृहस्थ. 1715 साली त्यांनी वाळकेश्वराचं देऊळ पुन्हा बांधलं. 1718 मध्ये कान्होजी आंग्रे यांच्या खांदेरीवर गव्हर्नर चार्ल्स बूनने केलेला हल्ला फसला. अपयशाला कोणीतरी धनी हवा होता. 1720 साली कामातींवर आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा, म्हणजे राजद्रोहाचा, खटला भरला. ज्याची मोहीम फसली तोच बून न्यायासनावर. कामातींच्या एका माणसाच्या अंगठ्यांना लोखंडी चाप लावून कबुली काढली गेली. शिक्षा झाली जन्मठेप आणि सगळ्या मालमत्तेची जप्ती. 1728 साली कामाती कैदेतच वारले. ज्या पत्रांवर खटला उभा होता ती बनावट होती, असं इतिहासकार मानतात.

कोर्ट होतं, आरोपपत्र होतं, साक्षी होत्या. फिर्यादी आणि न्यायाधीश वेगळे नव्हते, आणि त्याची किंमत एका निरपराध माणसाने भरली. मुंबईच्या इतिहासात कामातींचं नाव देवळापुरतंच उरावं, हे खटकतं.

मेयरचं कोर्ट आणि शिंपिणीचा मुलगा

24 सप्टेंबर 1726 च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे मेयर कोर्टं आली: एक मेयर आणि नऊ आल्डरमन (नगरमंडळाचे सदस्य). ही कोर्टं कंपनीची नव्हेत, राजाची. अपील आधी गव्हर्नर-कौन्सिलकडे, आणि 1,000 पॅगोडांवरचा (पॅगोडा म्हणजे दक्षिणेतलं सोन्याचं नाणं) दावा असेल तर थेट लंडनला राजाकडे. मुंबईतल्या उधारीचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत (राजाच्या सल्लागार मंडळापर्यंत) जायची वाट तिथे उघडली.

लगेच ठिणगी पडली. 1730 साली शिंपी समाजातल्या एका बाईने ख्रिस्ती धर्म घेतला, तेव्हा तिचा 12 वर्षांचा मुलगा तिला सोडून नातेवाइकांकडे गेला. मेयर कोर्टाने मुलगा आईला द्या असा हुकूम केला. जातीचे पुढारी गव्हर्नरकडे गेले, आणि धर्म-जातीच्या बाबतीत या कोर्टाला अधिकार नाही असं कौन्सिलने ठरवलं. 1753 च्या सनदेने तेच पक्कं केलं: दोन्ही पक्ष एतद्देशीय असतील तर त्यांच्या संमतीशिवाय मेयर कोर्टाने वाद घ्यायचा नाही. पण त्याच सनदेने मेयर निवडायची दोरीही गव्हर्नरच्या हातात दिली, म्हणजे कोर्टाचा स्वतंत्र बाणा गेला.

मग आपल्याकडे आधी न्यायव्यवस्था नव्हतीच का?

होती, आणि चांगली बांधीव होती. मराठी मुलखात वतनाचा वाद गोतसभेपुढे जाई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत, निर्णय मजहरात लिहिला जाई आणि खाली प्रत्येकाची निशाणी पडे, पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी. हरणारा येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद, लिहून द्यायचा, जिंकणाऱ्याकडून 'हरकी' नावाची फी आणि हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी' नावाचा दंड वसूल व्हायचा. स्थानिक गोतावर भरवसा नसेल तर परस्थळी नेऊन निवाडा मागता येई. यातही जातीचा वरचष्मा होता आणि 'दिव्य' करायला लावून खरं-खोटं ठरवण्यासारखे प्रकार होते, हे लपवायचं कारण नाही.

इंग्रजी व्यवस्थेत वेगळं होतं ते कोर्टाच्या अधिकाराचं मूळ. गोतसभेचं बळ गावाच्या आठवणीत आणि हजर माणसांत होतं, इंग्रजी कोर्टाचं लंडनहून आलेल्या सनदेत. पेशवाई गेल्यावर दोन्ही एकत्र आणायचा प्रयत्न झाला. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळातल्या 1827 च्या चौथ्या रेग्युलेशनचं 26 वं कलम न्यायाधीशाला क्रम घालून देतं: आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे, ते नसतील तर इथली वहिवाट, वहिवाट सापडली नाही तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सदसद्विवेक. वहिवाट शोधायची म्हणून अधिकाऱ्यांनी शास्त्री आणि जातीच्या पुढाऱ्यांना विचारून नोंदी केल्या. त्यात गैर असं घडलं की गावागणिक बदलणारी, वाकणारी वहिवाट एकदा छापली की ती ताठ झाली, आणि विचारलं ते पुढाऱ्यांनाच, म्हणून छापलं गेलं तेही त्यांचंच म्हणणं.

राजाचं कोर्ट विरुद्ध कंपनीचं सरकार

1824 साली मुंबईत सुप्रीम कोर्ट सुरू झालं. तेही राजाचंच. त्याची हद्द मुंबई बेट आणि इंग्रज माणसं, तर बाहेरच्या मुलखात कंपनीच्या अदालती. 1828 मध्ये पुण्यातल्या मोरो रघुनाथ या मुलाला त्याचे आजोबांच्या पिढीतले नातेवाईक डांबून ठेवतात अशी तक्रार सुप्रीम कोर्टात आली. कोर्टाने हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढला, म्हणजे मुलाला समोर आणून उभं करा. गव्हर्नर सर जॉन माल्कमने हुकूम बजावू दिला नाही. पुणे कोर्टाच्या हद्दीत येत नाही, आणि असे हुकूम निघू लागले तर दख्खनच्या सरदारांपुढे सरकारचा वचक उरणार नाही, असं त्याचं म्हणणं. बाकीचे दोन न्यायाधीश त्याच वर्षी वारले होते. उरलेला सर जॉन पीटर ग्रँट याने 1829 च्या एप्रिलमध्ये चक्क कोर्ट बंद ठेवलं: माझे हुकूम सरकार मानत नसेल तर मी बसणार नाही.

प्रकरण प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं आणि निकाल ग्रँटच्या विरुद्ध लागला. कोर्टाची हद्द बेटाच्या काठाशी संपते असं ठरलं. पुण्यातल्या मुलाला जे संरक्षण मिळालं नाही, ते काळबादेवीतल्या मुलाला मिळालं असतं. ही दुफळी 1862 पर्यंत टिकली. त्या वर्षी राजाचं सुप्रीम कोर्ट आणि कंपनीच्या सदर अदालती एकत्र करून मुंबई हायकोर्ट झालं, पण आत दोन बाजू राहिल्या: शहरातले मोठे दावे थेट ऐकणारी ओरिजिनल साइड, आणि बाहेरच्या जिल्ह्यांची अपिलं ऐकणारी अपेलेट साइड. दोन्हींचे नियम आजही वेगळे आहेत.